गुरुजी फ्रेंच शिकले तो हंगाम

मी माझ्या गुरुजींच्या थोबाडीत मारल्या आहेत. रागाच्या भरात नाही, नशेत नाही. रोज दुपारी, ठरल्या वेळी, फ्रेंच क्रियापदांच्या उच्चारासाठी. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. हसू द्या. तेव्हा मीही हसत होतो.

ते दिवस कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि साऱ्या जगाला एकाएकी आमच्या काळ्या मातीची आठवण झाली. अमरावतीच्या परकोटाबाहेर कापसाने भरलेल्या बैलबंड्यांची रांग लागे ती थेट वलगावच्या वाटेवर दिसेनाशी होईपर्यंत. दर्यापूरकडचे पाटील बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालून गावात मिरवत. ज्याला दोन हात होते तो कापूस भरायला, दाबायला, पोती शिवायला, आणि काहीच जमलं नाही तर नुसता बघायला बाजारात जात होता. अशा वेळी संस्कृतातली धातूंची रूपं घोकायला कोण बसतो?

गुरुजींची पाठशाळा देवळामागच्या एका लांबलचक खोलीत भरे. मी आठ वर्षांचा असताना वडिलांनी मला त्यांच्याकडे आणून सोडलं. जेवण गुरुजींच्या घरी, झोपणं पाठशाळेत, आणि बारा वर्षं रूपावली. एके काळी त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. कापसाच्या तिसऱ्या हंगामात आम्ही तिघं उरलो: मी, आणि बाजारात ज्यांना कोणी घेईना अशी दोन लहान पोरं. देवळाच्या पंचांनी हे पाहिलं आणि खोली एका फ्रेंच व्यापाऱ्याला गाठी ठेवायला देऊन टाकली. गुरुजी सकाळी स्नान करून आले तेव्हा त्यांच्या पाटाच्या जागी कापसाच्या गाठी आढ्यापर्यंत रचलेल्या होत्या. आमच्या पोथ्या समोरच्या ओट्यावर उन्हात पडल्या होत्या.

गुरुजींबद्दल हळहळण्याआधी एक सांगतो. ते स्वतः कधी कोणावर हात उचलत नसत. त्यांचा नियम निराळा होता. एक जण चुकला की ज्याला बरोबर येतं त्याने उठायचं, चुकणाऱ्याचं नाक डाव्या हाताने धरायचं आणि उजव्याने एक सणसणीत ठेवून द्यायची. हळू मारली तर मारणाऱ्यालाच तिसऱ्याकडून बसायची. नऊ वर्षांचा असताना एका विसर्गापायी मी माझ्या शेजाऱ्याची थप्पड खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी तो चुकावा म्हणून रात्रभर देवाला विनवत होतो. त्या खोलीत आम्ही कोणी कोणाचे मित्र झालो नाही. उच्चार मात्र आमचे असे झाले की नागपूरचे शास्त्री ऐकायला येत.

आता त्या फ्रेंच साहेबाविषयी. तो मोठ्या मिशांचा, लाल मानेचा, आळशी माणूस होता. इंग्रज अधिकारी त्याला जवळ करत नसत आणि तो त्यांना. त्याची हिंदुस्थानी ‘लाओ’ आणि ‘जल्दी’च्या पलीकडे फारशी गेली नव्हती. पुदुचेरीहून आणलेला त्याचा दुभाषी हिवतापाने मेला आणि त्याची पंचाईत झाली. होळीनंतर तो अकोल्याला मोठी वखार घालणार होता. त्याआधी आपली भाषा शिकून तोंडी बसवील असा माणूस त्याला हवा होता, आणि त्या माणसाला तो दुभाषी म्हणून अकोल्याला नेणार होता. घोकंपट्टीत आमची पाठशाळा प्रसिद्धच होती. मी गुरुजींना विचारायलाही थांबलो नाही, पळत गेलो.

तिसऱ्या दिवशी साहेबाच्या वखारीत, जिथे माझा पाठ चाले, गुरुजी आले. साठीचे, पुढचे दोन दात पडलेले, खांद्यावर धुतलेलं उपरणं. शेजारच्या गाठीवर बसले. मी चकित होऊन विचारलं, “गुरुजी, तुम्ही इथे कसे?”

“शिकाले आलो,” ते म्हणाले. “माही खोली मले माह्या तोंडानं मागाची आहे. मधी माणूस घातला का गोष्ट बिघडते.”

मग माझ्याकडे वळून त्यांनी ठरवूनच टाकल्यासारखं सांगितलं, “आन खोली मिळाली का तू बसशील माह्या जागी. माहं आता वय झालं. तुह्याशिवाय कोण आहे?”

मी “हो” म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? पण आयुष्यभर त्या खोलीत बसून कोणाचा तरी विसर्ग ऐकायचा, ही कल्पना मला सोसेना. गुरुजींना खोली हवी होती आणि मला अकोला. एकाला मिळालं तर दुसऱ्याचं जाणार, हे फक्त मला दिसत होतं.

साहेबाची शिकवण्याची रीत सोपी होती. गाठी ओढायचा लोखंडी आकडा हातात घ्यायचा आणि शब्दाचे तुकडे पाडत तो समोरच्या फळीवर आपटायचा. एका श्वासात निघतो तेवढ्या आवाजाला एक ठोका. बोलणे हा धातू पहिला. ‘नू पार्लों’, आम्ही बोलतो: त्यात पार्-ला एक ठोका, लों-ला एक. ‘वू पार्ले’, तुम्ही बोलता: पुन्हा पार्-ला एक, ले-ला एक. पण ‘ईल पार्ल’, ते बोलतात, इथे त्या ‘पार्ल’ला एकच ठोका. कागदावर त्याच्या शेपटीला आणखी तीन अक्षरं असतात, आणि ती कोणीही बोलत नाही.

गुरुजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. “लिवतात आन बोलत नाहीत? मंग लिवतात कशाले?”

मी मोडकंतोडकं करून साहेबाला विचारलं. तो हसला. म्हणाला, आमचे पूर्वज ती अक्षरं बोलत असत. आता आम्ही नुसती लिहितो, त्यांची आठवण म्हणून. मी ते गुरुजींना सांगितलं.

“म्हणजे श्राद्ध आहे हे,” ते म्हणाले. “अक्षर मेलं, पण त्याचं पान वाढून राह्यले.”

साहेबाला हे इतकं आवडलं की त्याने ते वहीत उतरवून घेतलं. खरं सांगायचं तर भाषा गुरुजींना माझ्यापेक्षा जास्त कळत होती. विकत घेण्याच्या धातूत पहिल्या शब्दाचं मुकं अक्षर पुढच्या स्वराला जाऊन चिकटतं आणि ‘नू आश्तों’चं ‘नूझाश्तों’ होतं. मी ते पोपटासारखं म्हटलं. गुरुजी मात्र मांडीवर थाप मारून ओरडले, “संधी! अरे, हा तर संधी आहे!” त्या दिवशी त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उजळला होता. त्यांना कळतंय म्हणजे साहेब त्यांनाच नेईल की काय, असं मूर्खासारखं मला वाटून गेलं.

पण बुद्धीला कळलं तरी जिभेला कळेना. चाळीस वर्षं ज्या माणसाने लिहिलेलं एकही अक्षर गिळू दिलं नाही, त्याची जीभ श्राद्धाचं अक्षर मुकं कसं ठेवणार? शिवाय अक्षर पाहिल्यावाचून उच्चार करायचा नाही, हा त्यांचा हट्ट. मी कानाने शिकत होतो, ते डोळ्यांनी. वाट पाहण्याचा धातू आला आणि गाडं अडलं. ‘ईलझाताँद’, ते वाट पाहतात. कागदावर त्या क्रियापदाचे तीन तुकडे दिसतात, बोलताना दोनच: आ, ताँद. गुरुजी दर वेळी म्हणत, आ-ताँ-दाँत. साहेबाचा आकडा तिसऱ्या तुकड्याला हवेतच राहायचा.

एका दुपारी वैतागून साहेबाने मला विचारलं, तुमच्या शाळेत चुकणाऱ्याचं काय करतात?

मी गप्प बसू शकलो असतो. ‘पाठ पुन्हा म्हणायला लावतात’ म्हटलं असतं तरी खोटं नव्हतं. पण मी उठलो, एका हाताने स्वतःचं नाक धरलं, दुसऱ्याने स्वतःच्या गालावर चापट मारली आणि सगळा नियम साग्रसंगीत करून दाखवला. माझा हिशेब होता की गुरुजी अपमानाने उठून जातील, परत येणार नाहीत, आणि खोलीचा विषयच मिटेल. साहेब हसून हसून लाल झाला. “आजपासून इथेही तेच,” त्याने जाहीर केलं, आणि आकड्याने आधी माझ्याकडे, मग गुरुजींकडे खूण केली.

गुरुजी उठले नाहीत. त्यांनी उपरणं काढून नीट घडी घातली आणि बाजूला ठेवलं.

“नियम माहा आहे,” ते म्हणाले. “तो मले सोडून कसा राहीन? मार.”

“गुरुजी, मी कसा...”

“मांगं काहून सरून राह्यला तू? बारा वर्षं काय शिकवलं तुले? मार.”

मी त्यांचं नाक धरलं. म्हाताऱ्या माणसाचं नाक थंड असतं, हे मला तेव्हा कळलं. मी हलकेच गालाला हात लावला. गुरुजींनी डोळे उघडले आणि म्हणाले, “हळू मारली. साहेबाले सांग, हळू मारणाऱ्याले बी बसते म्हणून.” तेव्हा मी जोरात मारली.

लाज वाटली. पण लाजेच्या खाली गोड वाटलं, तेही सांगून टाकतो. बारा वर्षांचे सगळे विसर्ग मला त्या एका थपडेत परत मिळाले. पुढच्या दिवशी गुरुजींना ‘मार’ म्हणावं लागलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी ‘आताँद’ची पाळी कधी येते याची मी वाट पाहू लागलो.

घरी गुरुजी सांगत की दाढ दुखते. काकू, म्हणजे त्यांची बायको, मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून त्यांचा गाल शेकत बसत. त्याच हाताने मला वाढत, आणि माझ्या भाकरीवर लोणी जरा जास्तच घालत. “हे म्हणत होते, तू लई मेहनत घेऊन राह्यला त्यायच्यासाठी,” त्या एकदा म्हणाल्या. “खा बापू. पोटभर खा.” मी पोटभर खाल्लं.

माघ सरत आला तेव्हा गुरुजींनी सांगितलं की आपलं वाक्य तयार आहे. त्यांनी दोनच वाक्यं बांधली होती. ‘नू दमाँदों ला साल. लेझेलेव्ह आताँद.’ आम्ही ती खोली मागतो. विद्यार्थी वाट पाहत आहेत. बारा वर्षांत मी इतकी नेमकी मागणी पाहिली नाही. दोन पोरं आणि एक बेइमान, एवढेच विद्यार्थी होते, पण व्याकरणाला अनेकवचन पुरतं.

त्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून, गंध लावून आले. बसले नाहीत. साहेबासमोर उभे राहून त्यांनी हात जोडले आणि पहिलं वाक्य ठणठणीत म्हटलं. दुसऱ्यात शेवटी म्हणाले, “आताँदाँत.”

साहेबाला कळलं होतं. पहिल्या वाक्यालाच त्याच्या भुवया वर गेल्या, त्याने वळून त्या खोलीच्या दिशेने पाहिलं. मी ते पाहिलं. पण आकडा हवेत होता आणि खेळ हा खेळ. त्याने मला खूण केली. मी मारली. गुरुजींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, कारण पाठ मधूनच उचलायचा नसतो. पुन्हा शेवटी अडले. मी पुन्हा मारली. तिसऱ्या वेळी, चौथ्या वेळी. त्यानंतर तर जीभ पहिल्या वाक्यातही घसरू लागली. ओठाच्या कोपऱ्यातून रक्त आलं ते त्यांनी उपरण्याच्या टोकाने पुसलं आणि परत म्हणाले, नू दमाँदों. गाठी उचलणारे हमाल कामं टाकून दारात जमले होते. कोणी हसत नव्हतं. एक म्हातारा हमाल मला म्हणाला, “बस कर ना बाप्पा.” मी थांबलो नाही, कारण थांबवायचा अधिकार साहेबाचा होता असं मी स्वतःला सांगत होतो.

शेवटी ते आलं. “लेझेलेव्ह आ-ताँद.” अक्षर कापून काढल्यासारखं स्वच्छ. त्या मुक्या शेपटीच्या जागी गुरुजींनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

साहेब उभा राहिला. त्याने टोपी काढली. मग तो बोलला, भराभर, आपल्या लोकांशी बोलावं तसा. मी प्रत्येक शब्द समजलो. होळी झाली की माझ्या गाठी निघतील. पंचांशी मी बोलतो. खोली तुमची, हा माझा शब्द आहे. आणि आज जे झालं त्याची मला लाज वाटते.

गुरुजींच्या चेहऱ्यावर मात्र काहीच उमटलं नाही. सगळा हंगाम त्यांनी बोलायचा अभ्यास केला होता, ऐकायचा नाही. आमच्या विद्येत म्हणायचं असतं, समोरून उत्तर येत नसतं. उत्तर येईल आणि तेही समजून घ्यावं लागेल, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. ते माझ्याकडे वळले.

“काय म्हणते?”

हे मी विचार करून केलं नाही, असं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. आता सांगत नाही. मला विचार करायला पुरेसा वेळ होता. डोळ्यांसमोर तो पाट आला, त्यावर बसलेला मी आलो.

“नाही म्हणतो,” मी सांगितलं.

त्यांनी उपरणं झटकून खांद्यावर घेतलं. साहेबाने मला विचारलं, याला आनंद कसा झाला नाही? मी म्हणालो, त्यांचा तुमच्या शब्दावर विश्वास नाही. साहेबाची मान आणखी लाल झाली. “मग मी पाळून दाखवीन,” तो म्हणाला. आमचं हे बोलणं गुरुजी मान तिरपी करून ऐकत होते. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“नाही म्हणला तर म्हणला,” ते म्हणाले. “पण तुहा उच्चार! एक बी अक्षर हललं नाही. माही मेहनत वाया नाही गेली रे.”

मी अकोल्याला गेलो. मोर्णेच्या काठी साहेबाची वखार, डोक्यावर माझी लाल पगडी, आणि ‘फराशीस पंत आले’ म्हणून वाट करून देणारे लोक. होळीनंतर साहेबाने खरोखरच अमरावतीच्या गाठी हलवल्या आणि मला म्हणाला, म्हाताऱ्याला पत्र लिही. मी लिहितो म्हणालो. लिहिलं नाही. खरं सांगितलं असतं तर गुरुजींनी मला परत बोलावलं असतं आणि साहेबाने हाकलून दिलं असतं. मग मी न घरचा न घाटचा.

वैशाखात कामासाठी अमरावतीला जावं लागलं. बैलांच्या दमणीतून देवळामागून जाताना ती खोली दिसली. आत कापसाचा पुंजकासुद्धा नव्हता. दार सताड उघडं होतं आणि आतली सावली रस्त्यावरून दिसत होती. समोरच्या ओट्यावर, भर उन्हात, डोक्यावर ओलं उपरणं टाकून गुरुजी त्या दोन पोरांना पाठ देत होते. पंचांना वाटलं होतं की शास्त्रीबुवा रुसून आत जात नाहीत. त्यांची समजूत घालायला त्या दिवसांत कोणाला सवड होती?

धाकटा पोरगा म्हणत होता, “गुरुजी, खोली उघडी आहे. आत बसू ना. पाय भाजून राह्यले.”

“साहेबानं नाही म्हटलं आहे,” गुरुजी म्हणाले. “दुसऱ्याच्या घरात न विचारता जाऊ नये.”

मग त्यांनी मला पाहिलं आणि पोरांना उभं केलं. “हा माहा विद्यार्थी. साहेबाच्या भाषेत बोलते.” मी पाया पडलो. ते जवळ वाकून हळूच म्हणाले, “साहेबाले अजून एक डाव विचारून पाह्यशील का? तुह्या तोंडानं विचार. माहा उच्चार त्याले आवडला नसन.”

“विचारतो,” मी म्हणालो, आणि दमणीत बसलो.

ज्येष्ठ लागला तेव्हा त्यांना त्याच ओट्यावर ऊन लागलं आणि ते गेले. अकोल्याला निरोप आला. साहेबाने आकडा खाली ठेवला आणि मला विचारलं, म्हातारा आपल्या खोलीतच गेला ना?

मी त्याच्याच भाषेत, एकही अक्षर न चुकता, हो म्हणालो. साहेबाला बरं वाटलं.